चार इंचांचा हट्ट

त्याची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी आडवी होते. म्हणजे एका जीपखाली, पाठीवर पडून, हातात सतराचा पाना. मला दिसले ते फक्त बूट. पिवळट धूळ बसलेले, आणि डाव्या बुटाच्या नाडीवर एक मधमाशी, अगदी निवांत.

"ताई, पिकअपला लिफ्ट किट बसवून मिळेल का? गाडी जरा उंच करायचीय." बुटांच्या वरून कुठूनतरी आवाज आला.

ताई! आमच्या गॅरेजमध्ये मला कुणी मॅडम म्हणतं, कुणी नुसतंच 'अहो', आणि बरेच जण प्रश्न बाबांना विचारतात नि उत्तर माझ्याकडून घेतात. मला कशाचंच काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र ते 'ताई' जरा टोचलं. आवाज बरा होता, त्याचा परिणाम असेल.

"मिळेल," मी खालूनच म्हणाले. "किती इंच?"

"चार."

"का?"

"का म्हणजे?"

"चारच का? तीन का नाही? पाच का नाही?"

"चार... बरे दिसतात."

मी सरपटत बाहेर आले. उंच माणूस, उन्हात रापलेला, शर्टाची गुंडी एक वर एक खाली. आणि माझ्याकडे बघून त्यानं चक्क डोळा मारला. मी चेहरा ताठ केला. गिऱ्हाइकांचे असले प्रकार मला नवीन नाहीत. एका नजरेत गार करते मी. पण डोळा मारून झाल्यावर माणूस तो उघडतो ना? यानं उघडलाच नाही.

"माशी," तो ओशाळून म्हणाला. "सकाळीच चावली. सुजलाय."

काउंटरमागे बाबा खोकले. बाबांना हसू दाबायचं असलं की खोकला येतो.

तर असा तो. मधाच्या पेट्या ठेवायचा. चाळीस पेट्या होत्या. फुलोऱ्याप्रमाणे त्या पिकअपमध्ये घालून इकडून तिकडे न्यायच्या, हा त्याचा उद्योग. बाबांनी त्याचं नाव तिथल्या तिथे 'मधवाले' करून टाकलं, आणि मीही तेच धरलं.

"या, खाली या," मी त्याच्या पिकअपकडे बोट दाखवलं.

"मी?"

"गाडी तुमचीच आहे ना?"

आला बिचारा. आम्ही दोघं त्याच्या गाडीखाली शेजारी शेजारी पाठीवर पडलो, आणि मी बॅटरीचा झोत एकेका जागी टाकत गेले. त्याच्या शर्टाला धुराचा आणि मेणाचा वास होता. मी हे फक्त नोंद म्हणून सांगते आहे.

"हा ॲक्सल. यावर एक तरी ओरखडा दिसतो का? नाही. लिफ्ट किटनं ॲक्सल वर जातच नाही, तो वर जातो मोठ्या टायरनं. लिफ्टनं वर जाते ती चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा. आणि ही बघा, ही चेसिसची आडवी पट्टी. सोलून निघालीय. सायलेन्सरही चेपलाय. रस्त्याच्या मधोमध उंचवटा असणार."

"आहे. पठारावर चढतानाचे शेवटचे तीन किलोमीटर."

"मग लिफ्ट हवी. पण दोन इंच पुरे."

"चार," तो म्हणाला.

"दोन. आणि हे काय आहे?" मी मागच्या पाट्यांवर झोत टाकला. गाडीच्या मागच्या बाजूचं सगळं वजन या एकावर एक बांधलेल्या पोलादी पाट्यांवर असतं. पाच असायचे तिथं सहा होते. "हा जास्तीचा पाटा कुणी टाकला?"

"वजन जास्त असतं म्हणून... एकानं सांगितलं, मी टाकून घेतला."

"कधी?"

त्याचा आवाज खाली गेला. "मागच्या वर्षी. वर जायच्या आधी."

मागच्या वर्षी काय झालं ते त्यानं गाडीखालीच सांगितलं. बहुधा माझं तोंड दिसत नव्हतं म्हणून. चाळीस पेट्या घेऊन निघाला, त्या तीन किलोमीटरमध्ये गाडी खालून घासत, आदळत गेली. उन्हानं मेण मऊ झालेलं. पेट्यांच्या आतली पोळी चौकटीतून सुटून एकमेकांवर पडली. वर जाऊन झाकणं काढली तर एकवीस पेट्यांमध्ये राणीमाशी चेंगरलेली.

"प्रत्येक धक्का मला आतून ऐकू येत होता," तो म्हणाला. "थांबताही येत नव्हतं, वळताही येत नव्हतं."

उरलेल्या एकोणीस पेट्यांवरून वर्षभरात त्यानं पुन्हा चाळीस केल्या होत्या. ही शेवटची खेप होती. मामेभावाचं दुसऱ्या शहरात कोल्ड स्टोरेज होतं, तिथं देखरेखीची नोकरी धरून ठेवलेली. यंदा पेट्या धड पोचल्या नाहीत तर माश्या विकून टाकायच्या आणि तिकडे निघून जायचं, असा शब्द तो देऊन बसला होता. पठारावरची फुलं सहा आठवडे टिकतात; ती यायला अजून बारा दिवस होते.

"तुमच्या गाडीला उंचीचा आजारच नाही," मी म्हणाले. "कडकपणाचा आहे. या सहाव्या पाट्यानं तुमच्या माश्या मारल्या."

हे बोलायला नको होतं. खरं होतं, पण नको होतं. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, एका उघड्या आणि एका सुजलेल्या डोळ्यानं. मी झोत दुसरीकडे वळवला.

इथं आमच्या गॅरेजची एक पद्धत सांगायला हवी. बाबा रिकामी गाडी कधीच मोजत नाहीत. "रिकामी गाडी खोटं बोलते," असं त्यांचं म्हणणं. गाडीत रोज जे वजन असतं ते सगळं टाकायचं, रोज जी माणसं बसतात ती बसवायची, आणि मग चारी चाकांपाशी टेप लावून उंची घ्यायची. प्रत्येक गाडीचा एक कागद असतो: माल किती, माणसं किती, कोण कुठल्या बाजूला. त्या कागदाप्रमाणे बाबा स्प्रिंगा बसवतात. कागदात नसलेलं काही ते करत नाहीत, आणि कागदात असलेलं काही सोडत नाहीत.

म्हणून आधी चाचणी. प्रत्येकी एक जुनं पोळं घातलेल्या वीस रिकाम्या पेट्या आणि बाकी वाळूची पोती, असं वजन करून आम्ही दोघं त्या तीन किलोमीटरवर गेलो. गाडी होती तशीच, सहा पाट्यांची. पहिल्याच उंचवट्यावर माझे दात दातांवर आपटले. दुसऱ्यावर मागून काहीतरी तुटल्याचा आवाज आला, आणि मी त्याचा दंड धरून ओरडले, "थांबव!"

त्यानं थांबवली.

"थांबवा," मी दुरुस्ती केली. दंड मात्र सोडायचा राहिला.

"पहिलंच बरं होतं," तो समोर बघत म्हणाला.

वीसमधली अकरा पोळी तुटली होती. मी कागदावर अकरा लिहिलं. हात स्थिर होता. मी अशी मुलगी आहे. कुणाच्या प्रेमात पडायचं झालं तरी कामाच्या वेळेत पडायचं नाही, असा माझा नियम होता; अडचण एवढीच, की कामाची वेळ सोडून दुसरी वेळ माझ्याकडे नव्हतीच.

त्यानंतर किट निवडायला आम्हाला तीन दिवस लागले. लग्नाच्या साड्या एवढ्या वेळात निवडून होतात, असं बाबा म्हणाले आणि खोकले. टेबलावर तीन प्रकार मांडले होते. एक नुसत्या चकत्यांचा: जुन्या स्प्रिंगवर जाड चकती ठेवली की गाडी वर. उंची मिळते, धक्का तसाच. दुसरा चार इंचांचा, जाडजूड पाटे, फोटोत झकास. तिसरा दोन इंचांचा. पाटे लांब आणि पातळ, सोबत धक्का जिरवणारे चांगले शॉकॲब्सॉर्बर. दिसायला अगदीच साधा.

"हा तर बसवलेलाही कळणार नाही," तिसरा हातात धरून तो म्हणाला.

"कुणाला कळायला हवंय?"

"कुणाला नाही. पण चार इंच म्हणजे कसं... वाटेत घासायची भीतीच नको."

"आणि वाटेतल्या उताराचं काय? जिथं रस्ता एका अंगाला कललाय? उंच गाडी तिथं डुलते. तुझी पोळी खालून तुटणार नाहीत, आडवी होऊन तुटतील."

"तुझं ऐकलं आणि पुन्हा तसंच झालं तर?"

त्याचा डोळा एव्हाना उतरला होता. दोन्ही डोळ्यांनी तो सरळ बघायचा, आणि मला ते एका डोळ्याचं बरं होतं असं वाटायचं.

"तर शिव्या मला घाल," मी म्हणाले. "कोल्ड स्टोरेजमध्ये बसून निवांत घाल."

"तिथून तुला ऐकू येणार नाहीत."

"म्हणूनच सांगते, दोन घे."

त्यानं तो साधा किट उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "घे. हट्ट सोडला." लोक माझ्याशी यापेक्षा पुष्कळ गोड बोललेले आहेत. एकाचंही मला काही झालं नव्हतं.

किट बसला. सहावा पाटा मी स्वतः काढला, आणि त्याला विचारून भंगारात फेकला. पुन्हा तेवढंच वजन चढवलं, तो चालवायला बसला, मी त्याच्या डावीकडे बसून मांडीवर कागद घेतला. बाबा खाली वाकून टेप लावत एकेक आकडा सांगत होते, मी लिहीत होते. तो मध्येच म्हणाला, "तुझ्या कानाला ग्रीस लागलंय." मी म्हणाले, "असू दे." तो म्हणाला, "आहेच. छान दिसतंय." पुढचा आकडा मला बाबांना दोनदा विचारावा लागला.

मग पुन्हा त्या तीन किलोमीटरवर गेलो. त्या चाचणीत एकच पोळं तुटलं. तेही आधीपासून तडकलेलं. तो गाडीतून उतरला, रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि नुसताच हसत राहिला, हसता हसता डोळे पुसत. मला त्याच्याशेजारी जाऊन बसावंसं वाटलं. मी पाट्यांचे बोल्ट तपासले.

पुढचं किरकोळ काम बाबांनी केलं आणि गाडी दिली, तेव्हा मी सामान आणायला बाहेर गेले होते. संपलं, असं मी मनाशी म्हटलं. आमच्या धंद्यात काम चांगलं झालं की माणूस परत येत नाही.

तो तिसऱ्याच दिवशी परत आला. दुपारी, घाईत, हातात पाणसळ. गवंडी भिंत बघायला वापरतात ती, काचेत बुडबुडा असलेली.

"गाडी डावीकडून उचललेली आहे," तो म्हणाला. "पेट्यांवर ही ठेवून बघितली. बुडबुडा डावीकडे पळतो."

"शक्य नाही." मी टेप लावला. पुढची डावी बाजू सहा मिलिमीटर वर. "बाबा!"

बाबा आले. चष्मा लावून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे की. कागदावर होतं तसंच केलंय. उजवी बाजू ड्रायव्हर धरूनच बनवलेली असते; डावी बाजू वजनानं दबत होती, म्हणून तिकडच्या स्प्रिंगवर चकती टाकली."

"कसलं वजन?"

बाबांनी कागद माझ्या हातात दिला आणि चहा सांगायला म्हणून बाहेर गेले. चहा आमच्याकडे आतच होतो.

कागद माझ्या अक्षरातला. माल: चाळीस पेट्या. रोजची माणसं: दोन. उजवीकडे बहात्तर किलो. डावीकडे छप्पन्न.

चाचणीपुरतं कोण बसलंय ते त्या रकान्यात लिहायचं नसतं. रोज कोण बसतं ते लिहायचं असतं. अकरा वर्षं हा कागद भरतेय मी. नवीन माणसाला हीच चूक करू नकोस म्हणून दटावते. माझे कान एवढे तापले, की ग्रीस असतं तर वितळलं असतं.

तो माझ्या खांद्यावरून वाचत होता.

"हे डावीकडचं माणूस..." तो हळूच म्हणाला.

"चूक आहे."

"कुणाची?"

"माझी. खोलून चकती काढावी लागेल. वर चाकांची अलाइनमेंट. अर्धा दिवस जाईल."

"फुलं आली," तो म्हणाला. "उद्या पहाटे निघायचंय. आज संध्याकाळी माश्या आत शिरल्या की दारं लावणार."

मी विचार केला. म्हणजे विचार केल्यासारखं केलं. "मग डाव्या सीटवर वाळूचं पोतं ठेव. छप्पन्न किलोचं. गाडी सरळ उभी राहील."

"छप्पन्न... नक्की?"

"अठ्ठावन्न," मी म्हणाले. आता झाकून तरी काय उपयोग होता!

तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल. गॅरेजची मालमत्ता असलेला तो कागद घडी घालून त्यानं वरच्या खिशात ठेवला, आणि म्हणाला, "पोतं नको. पोतं वाटेत बोलत नाही."

"मीही फार बोलत नाही."

"तुझं न बोलणं चालतं मला."

पहाटे निघालो. मागे चाळीस पेट्या, दारांवर जाळ्या, पट्ट्यांनी करकचून बांधलेल्या. तो माश्यांकडे कान लावून होता, मी स्प्रिंगांकडे. तीन किलोमीटर आले तेव्हा उजाडलं होतं. पहिला उंचवटा खालून गेला, लागला नाही. दुसरा गेला. कललेल्या जागी गाडी अंग सावरत, हळू, सरळ गेली. मी इतके दिवस ठासून सांगत होते ना, दोन पुरे, दोन पुरे? त्या क्षणी मला चार इंच, सहा इंच, काहीही चाललं असतं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. तो जाईल, मामेभावाकडे जाईल, आणि मीच पाठवलेला असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पठारावर पोचलो. पांढरी-जांभळी फुलं, गुडघाभर. पेट्या उतरवून झाल्यावर तो एकेका पेटीला कान लावत गेला. मी मागून मोजत गेले. प्रत्येक पेटीपाशी त्याचा चेहरा क्षणभर थांबायचा, मग तो मान हलवायचा आणि जाळी काढायचा, की माश्या झुंडीनं बाहेर. सत्तावीस. अठ्ठावीस. एकतिसाव्या पेटीपाशी तो जरा जास्त थांबला. झाकण काढलं, बघितलं, परत ठेवलं. ती पेटी मी मोजली नाही.

"एकोणचाळीस," शेवटी मी म्हणाले.

"एकोणचाळीस," तो म्हणाला, आणि मटकन खाली बसला. "मी राहिलो. मला कुठं जायला नको."

यावेळी मी बोल्ट तपासायला गेले नाही. शेजारी बसले. त्यानं माझा हात घेतला, जाड हातमोज्यासकट, त्यामुळे हात नेमका कुणी कुणाचा धरलाय ते फारसं कळत नव्हतं.

फुलोरा संपेपर्यंत, म्हणजे सहा आठवडे, तो तिथल्या दगडी खोलीत राहणार होता. फोनला रेंज नाही. हे मला माहीत होतं, तरी ऐकताना नव्यानं कळल्यासारखं झालं.

"मला खाली सोडून येतोस ना?" मी विचारलं.

त्यानं गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली. "तू घेऊन जा."

"आणि तू?"

"गाडी इथं उभी राहिली तर मी रोज उठून खाली येईन. मग माश्यांकडे कोण बघणार?"

असं तो बोलला, आणि लगेच पाठ फिरवून तोंडावर माशीची जाळी ओढून घेतली. जाळीआड माणूस लाजला की कळत नाही, असं त्याला वाटत असावं.

यावर मी काय म्हणावं? कुणीही काहीतरी म्हटलं असतं. मी म्हणाले, "पहिल्या गिअरमध्ये उतरवते," आणि निघाले.

पहिल्या वळणापर्यंत गेले. मग ब्रेक दाबला आणि स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. तिथं गाडी वळवायला जागा नाही. मी रिव्हर्स टाकला आणि त्या उंचवट्यावरून, मान मागे वळवून, चढ उलटा चढले. गिऱ्हाइकानं असं केलं असतं तर त्याला मी उभं केलं नसतं.

तो धावत आला. "काय झालं? काही तुटलं?"

"काही नाही." मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तू मला आवडतोस. फार आवडतोस. हे सांगायचं होतं."

त्यानं जाळी वर केली. पाहत राहिला, दोन्ही डोळ्यांनी.

"वेडी आहेस का तू?" तो म्हणाला. "हे खाली बोलली असतीस तर मी आठ दिवस निघालोच नसतो!"

"ठाऊक होतं मला," मी म्हणाले. "फुलं थांबली नसती."